उशिराचं वजन

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून हाकेवर आमची खोली.
इलकलचा ग्रॅनाइट, त्याखाली स्कूटरच्या चार ट्यूबा
अर्ध्याच फुगवलेल्या. वर लेसर, आरसे,
आणि काचेच्या ताटलीत, अंगाइतक्या उबेत,
एक पेशी.

रंग घातला असता तर ठळक दिसली असती,
पण रंगानं ती मरते.
म्हणून प्रकाशाचे दोन वाटे करायचे,
एक तिच्यातून जाऊ द्यायचा, एक बाहेरून,
पुढे दोघांची गाठ घालायची
आणि पहिल्याला विचारायचं,
का रे, उशीर का झाला?

ती प्रकाशातलं काही ठेवून घेत नाही.
नुसती थोपवते जरा,
निघालेल्या पाहुण्याला दारात बोलत उभं करावं तशी.
त्या खोळंब्यावरून कळतं
आत किती ऐवज आहे.

आबा निपाणीच्या तंबाखू वखारीत मापाडी होते.
एकतीस वर्षं काट्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही.
फोनवर विचारतात, किती भरलं?
तीनशे पिकोग्रॅम.
पिको? साडीला करतात ते?
एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, आबा,
त्यातले तीनशे.
पलीकडे बराच वेळ खोकला.
ओलं की सुकं?
सुकं.
आणि बारदान वजा केलंस?

केलं होतं. रिकाम्या ताटलीचं चित्र आधीच घेतो आम्ही.
तरी हो म्हणताना घाम फुटला.

पहाटे चारला ती गोल व्हायला लागली.
चन्नबसू म्हणाला, तडी, तडी,
जणू माझ्या श्वासानं बिथरेल.
कमरेशी चिमटा बसत गेला
आणि नेमकी लोंढ्याकडची मालगाडी
गेटापाशी रेंगाळली, डबे आपटत.
पडद्यावरच्या रेघा शेवयांसारख्या मोडल्या.
ट्यूबांनी सोसवलं तेवढं सोसलं.

गाडी गेली. रेघा जागेवर आल्या.
दोन.

इन्नू जीव ऐति, चन्नबसू पुटपुटला.
त्यातला जीव मला
समजावून सांगावा लागला नाही.

वहीत लिहिलं: एकशे बावन्न, एकशे एकेचाळीस.
सात कमी. सांडले, की माझ्याच मोजण्यात गेले?
उजाडल्यावर आबांना सांगायला हवं.
विचारतील, तूट कुणाच्या नावावर टाकलीस?
मालगाडीच्या, म्हणेन.
त्यांना पटणार नाही.