करून राहिलो

गेल्या मे महिन्यापर्यंत आमचं काम
पेनड्राइव्हमध्ये राहायचं.
रजत नंदनवार तो शर्टाच्या खिशात टाकायचा,
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळायचा
आणि सदरहून धंतोलीला, लॅबच्या डॉक्टरांकडे,
सेहेचाळीस डिग्रीत.
फाइलचं नाव: लॅब_फायनल_खरंच_फायनल_४.
परत यायचा तेव्हा दुपट्टा खडखडीत वाळलेला
आणि डॉक्टरांना बटण निळं हवं असलेलं.

चित्रं एका सॉफ्टवेअरात,
बटणं दाबून दाखवायची दुसऱ्यात,
शेरे व्हॉट्सॲपवर, कागदाचे तिरपे फोटो,
मापं पोर्णिमा कापगतेच्या वहीत
आणि वही भंडाऱ्याला,
कारण पोर्णिमा भावाच्या साक्षगंधाला.

मग पोट्ट्यांनी ठरवलं, आता सगळं एकाच जागी.
मी म्हटलं, काहून? चालून राहिलं ना बाप्पा?

पहिल्या दिवशी उघडलं तर
कड नसलेलं पांढरं पान,
त्यावर नावं लावलेले बाण पळत होते.
हिरवा रजत. जांभळी पोर्णिमा.
आणि केशरी, जागचा न हलणारा: ढाकुलकर सर.
'सर'सुद्धा सोबत चिकटून आलेलं.

बावीस वर्षं मी भिंतीकडे पाठ करून बसलो.
माझ्या स्क्रीनमागे कुणी येऊ नये
म्हणून टेबलच तसं लावलं होतं.
लोकांना दाखवलं ते झालेलं;
होताना कुणाला दाखवलं नाही.
आता एक चौकोन चार वेळा डावीकडे नेला,
चार वेळा परत आणला,
तर भंडाऱ्याहून पोर्णिमा लिहिते,
सर, पहिलाच बरा होता.

कान तापले. खरंच बरा होता.

लॅबची भाषा पाहायला पुण्याच्या करंदीकर मॅडम.
त्यांचा बाण राखाडी, तिन्ही दिवस शिस्तीत.
रजतनं लिहिलं होतं,
'रिपोर्ट बनून राहिला, थोडं थांबा.'
मॅडमचा शेरा: प्रमाण मराठी वापरावी. 'तयार होत आहे.'

बरोबर आहे, मॅडम. शाळेतही असेच गुण कापले जायचे.
पण 'होत आहे' म्हटलं
की खोलीत कुणी नसतं.
'बनून राहिला'त एक माणूस
नळ्या हलवत, चष्मा पुसत
कामापाशी राहिलेला असतो.
आणि ह्या नव्या पानावर
फायनल नावाचं काही उरलंच नाही;
जे आहे ते सगळं होऊन राहिलं.

एवढं लिहायचं होतं शेऱ्याखाली.
लिहिलं: ओके मॅडम.

रात्री दीडला कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.
लॅपटॉप उघडा. पानावर राखाडी बाण.
त्यानं 'तयार होत आहे' खोडलं.
'बनून राहिला' लिहिलं.
खोडलं.
मग नुसताच उभा, रिकाम्या चौकटीत.
मी माउसला हात लावला नाही,
तरी माझं नाव तिथं दिसतच असणार,
केशरी, सरसकट.

टिंग.
'ढाकुलकर सर, अजून जागे होऊन राहिलात?'

चुकलं होतं.
आम्ही असं नाही म्हणत, जागून राहिले म्हणतो.
शेरा टाकायला बाण नेला तिच्या ओळीपर्यंत.
बादलीतलं पाणी पायावर सांडत होतं.

राहू दिलं.