दहा मीटरचा ठिपका

परभणीत, वांगी रोडला,
खाली अन्सारभाई मोटारी रिवाइंड करायलेत,
वर मी जहाजं मोजायले.

काळ्या पडद्यावर पांढरे दाणे,
सुपातून उडालेल्या ज्वारीसारखे.
एका ठिपक्यात दहा मीटर मावतात.
समुद्र मी पाहिलेला नाही.
येलदरीचं धरण पाहिलंय, दोनदा.

बाकीचे दाणे आपापलं नाव-गाव सांगत जातात,
कुठून निघालो, कुठं चाललो.
हा एक मंगळवारी रात्री गप्प झाला.
बुधवारच्या चित्रात त्याला
दुसरा एक खेटून उभा.
गुरुवारी दोघंही नाहीत,
पाण्यावर नुसता काळा, गुळगुळीत ओघळ:
एका भांड्यातलं दुसऱ्यात ओतताना
कुणाचा तरी हात हलला असणार.

कौसाआत्या चहा ठेवता ठेवता वाकते.
"माणसं दिसतेत का गं ह्यात?"
"नाही."
"मंग वंगाळ करायलेत, हे कसं कळलं तुला?"

रकाने दोनच आहेत,
नेहमीचं आणि वेगळं.
चहावर साय धरेपर्यंत मी थांबते,
मग 'वेगळं' दाबते.

तेवढ्यात लाईट जाते.
खालून अन्सारभाई ओरडतात,
"सगळ्यांचीच गेली का?"

मी खिडकीतून बघते.
रस्ताभर उजेड आहे.
आपलीच गेलीय.