स्कोप किती

रविवारी दुपारी तीनला, सेहेचाळीस डिग्रीत,
हेडाऊ आले डोक्याला गमछा गुंडाळून.
स्कूटरवर मागे मोनाली, मांडीवर
एम.एस्सी.ची मार्कशीट, दोन पिशव्यांत घातलेली,
जणू पाऊसच येणार आहे.

कूलरचं पाणी संपत आलं होतं.
मी उठून दोन बादल्या ओतल्या, ताट्या भिजल्या,
मग ते म्हणाले, "मॅडम, हिले ते कणांचं शिकाचं आहे.
पीएचडी. यात स्कोप किती?"

या गावात हा शब्द सगळ्यांना येतो.
संत्र्याच्या कलमाला विचारतात, पोराच्या स्थळाला विचारतात.
मला विचारला तेव्हा मी बावीसची होते
आणि माझ्याकडे उत्तर होतं.

आज जे सांगितलं ते सगळं खरं, फक्त क्रम चुकला.
आधी पगार, मग पगार संपायची तारीख.
दोन वर्षं एका देशात, तीन दुसऱ्या,
दरवेळी नवी उशी घ्यायची
आणि निघताना कुणाला तरी देऊन टाकायची.
एका निबंधावर एकोणतीसशे नावं, आडनावांच्या क्रमाने;
ठवकर शेवटाकडे. आई भिंग घेऊन शोधते,
सापडलं की दरवेळी नव्याने हसते.
आता मी मिहानमध्ये, कोण कर्ज बुडवेल
याचा अंदाज काढते. गणित तेच आहे.
गणित तेच आहे, हे मी जरा मोठ्याने म्हणते नेहमी.

हेडाऊंनी पगाराचं धरलंच नाही.
"पुढचं मशीन कधी येनार?"

मी पेपरच्या समासात गोल काढला.
नव्वद किलोमीटर घेर. झिरो माइलच्या दगडावर
कंपासचं टोक रोवलं तर कामठी, कोराडीच्या चिमण्या,
हिंगणा, सगळे या रेघेच्या आसपास.
जमिनीखालून, सेकंदाला तीन हजार फेऱ्या.
"म्हंजे धोटा."
"हो, पण दोन्हीकडून. आणि टक्कर हवी असते."
"आमच्यात टक्कर झाली का सूत तुटते."
"आमच्यात ते तुटलेलंच बघायचं असतं."

थोडा वेळ कूलरच बोलला.

मग त्यांनी, कोणी न विचारता, गोळीबार चौकाकडची
त्यांची गल्ली सांगितली. सोळा माग.
बाप म्हणायचा, लोकायले कापड लागतच राहीन.
"लागतेच की. आजबी लागते. माग नाई लागत."
शेवटचा माग सरपणाच्या भावात गेला,
फणी तेवढी ठेवली, भिंतीवर.
"हातात खोट नव्हती, मॅडम. काय विणाचं तेबी ठाऊक होतं."

आम्हाला ते ठाऊक नाही, हे मी बोलले नाही.
तो शेवटचा कण सापडला त्या रात्री
आम्ही कागदी कपातून शॅम्पेन प्यायलो.
तेव्हापासून सगळे ठिपके नेमके रेषेवर,
एकही चुकत नाही,
आणि आम्ही त्या चुकीचीच वाट पाहत होतो.

मोनालीने बोटांवर मोजलं.
"मशीन सुरू होईल तेव्हा मी एकोणपन्नास."
"पैसा मंजूर झाला तर."
"झाला तर," ती म्हणाली, पण पुन्हा मोजलं नाही.
तिचं लक्ष माझ्या शेल्फवरच्या वहीवर होतं,
निळ्या पाठीच्या, तेवढी एकच मी परत आणली.
"त्यात काय आहे?"
"एक उंचवटा. तीन महिने होता.
नंतर जास्त डेटा आला, सपाट झाला."
"तीन महिने?"
"झोपले नव्हते."
ती जशी बघत होती तसं मी पूर्वी बघायचे.
तिला थांबवायला हवं होतं बहुतेक.
वही दिली.

पिशव्या पुन्हा गुंडाळल्या. गमछा ओला करून दिला.
फाटकाशी हेडाऊ वळले,
त्यांना काही विचारायचं होतं, विचारलं नाही.

जुलैत फोन आला, मी मीटिंगमध्ये होते,
पडद्यावर कोणाची तरी थकलेली हप्त्यांची रांग.
"ॲडमिशन घेतली हो पोरीनं."
मागे रिक्षांचा आवाज, कोणी तरी भाव विचारत होतं.
"ते मशीन आलं तर सांगजा, मॅडम."