उतरणं

ओरेस्ट हलुश्को एकतीस वर्षं
पिंजऱ्यातून खाणीत उतरला,
सस्कॅचवानच्या गव्हाखाली, किलोमीटरभर,
गुलाबी मिठात.

आता गुडघे संपलेत.
बाहेर उणे अडतीस. पडदा विचारतो:
अवतार निवडा.

"ॲव्हटार," तो पुटपुटतो, गरम बटाटा
तोंडात घोळवावा तसा.
या शब्दातून देव खाली यायचे,
भूमीचा भार हलका करायला.
ओरेस्टला भार तेवढा ठाऊक.
तो केस परत घेतो, निळा कोट,
आणि एक जिन्याचं घर.

हाल्या डोकावते. मळका गाऊन, वाढलेली दाढी.
आमच्यात कुणी म्हणालं असतं,
काय हा अवतार!
ती नुसती चहा ठेवते.

पडद्यावर कुणीतरी
एकेक पायरी गाळत
उतरतंय.