नववा लेख

वाचनालयाची खिडकी बंदराकडे उघडते, म्हणून
इथल्या फायलींना खारट घाम येतो.
पावसाळाभर मी त्यांच्यात कडुनिंबाचा पाला ठेवते
आणि उन्हाची वाट पाहते.

निवडणूक लागली की या कपाटाला गिऱ्हाईक येतं.
सकाळी एका पक्षाचा पोरगा आला, दुपारी दुसऱ्याचा.
दोघांनाही तोच गठ्ठा हवा होता :
'दर्यावार्ता', साल एकोणपन्नास.
तिकडे घटना लिहिली जात होती, तेव्हा इकडे वेंगुर्ल्यात
वकील भास्कर वालावलकरांनी 'सुकाणू' या नावाने लिहिलेले अकरा लेख.
दोघांनीही तिसऱ्याच लेखाचा फोटो काढला,
दोघांनीही दोन बोटांनी तेच वाक्य मोठं केलं :
"सत्ता म्हणजे रापण. दोर दोन्ही बाजूंनी ओढला
तरच जाळं काठाला लागतं."
उद्या नाक्यावर ते दोन्ही बॅनरवर असेल,
दोन रंगांत, समोरासमोर,
आणि खाली हात जोडलेली तीच माणसं,
ज्यांनी पाच वर्षांत दोर कधी धरला नाही, नुसत्या बाजू बदलल्या.

मी काही बोलले नाही. रजिस्टरवर सह्या घेतल्या.

संध्याकाळी दार ओढून घेतलं आणि वाचत बसले.
सुकाणूंना सगळंच ठाऊक होतं असं नाही.
रात्री दिवे पाडून मासळी उपसणाऱ्या नौका त्यांनी पाहिल्या नव्हत्या,
या खिशातून त्या खिशात जाणारी अफवाही नाही.
राज्यपालांविषयी ते पाऊण पान भाबडे आहेत.
आणि आठव्या लेखात तर सरळ लिहितात :
निरक्षरांना मत देण्याची घाई नको,
आधी शाळा, मग पेटी.
वाचताना आजही कान तापतात.
माझी आई अजून अंगठाच उठवते.

मग नववा.
पहिल्याच ओळीत, प्रस्तावना नाही, काही नाही :
"गेल्या आठवड्यात मी चुकलो."
मासळीबाजारात चंद्रावती कुबल यांनी
टोपली खाली ठेवून भर गर्दीत अडवलं म्हणे,
आणि त्यांचं बोलणं वकिलांनी जसंच्या तसं छापलंय :
"वकिलांनू, बांगड्याचो भाव माका कळता,
माणसाचो कळाचो नाय?
सही येणा नाय माका,
पण तुमच्या सहीवाल्यांनी किती खोटी मापां वापरल्यानी
ता मोजूक येता."
यावर माझ्याकडे उत्तर नाही, पुढे ते लिहितात,
म्हणून मत बदलतो आहे. घटनेतही अशी सोय असावी,
मोडतोड न करता चुकलो म्हणण्याची.
खाली जाळ्याविषयी चार ओळी :
आस लहान ठेवली तर पिल्लंही अडकतात,
मोठी ठेवली तर हाती नुसता दर्या येतो.
दर हंगामानंतर जाळं वाळूत पसरावं,
फाटलं तिथे विणावं.
(आमच्याकडे आस म्हणजे जाळ्याचं भोक.
बाहेरच्यांना दुसरं काही वाटलं, तर वाटू दे.)

तिसरा लेख इतक्यांदा उघडलाय
की घडीवर मला कापड चिकटवावं लागलं.
नववा करकरीत. शाई अजून काळी.

झेरॉक्सच्या दोन प्रती काढल्या,
चार रुपये, माझ्या खात्यावर.
एक त्याला, एक ह्याला.
पाकिटावर नाव नाही घातलं, एवढंच लिहिलं :
हेही मोठं करून बघा.