मूळची कुठली

कर्कॉडीच्या वृद्धाश्रमात, चौदा नंबरच्या खोलीत,
पहाटे तीनला मिस ड्रायस्डेल दिवा लावतात
आणि विचारतात, तू मूळची कुठली गं?
मिरजेची.
कालही सांगितलं होतं. परवाही.
दर वेळी त्यांना ते नव्यानं आवडतं.

एकतीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी
समुद्राकडे पाठ करून बसलेल्या एका शाळेत.
लिनोलियमच्या कारखान्यातून जवसाच्या तेलाचा वास
थेट फळ्यापर्यंत यायचा, म्हणतात.
हात अजून पेन धरतो तो खडू धरल्यासारखा.
गोळ्यांच्या पाकिटामागे लिहितात

७३९३९१३३

स्वल्पविरामावरून आमचं भांडण झालं.
त्या तीन-तीन घरं सोडत येतात,
मी पहिली तीन सोडून मग दोन-दोन.
तुमच्या भाषेत वाच बघू.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.
एकोण म्हणजे?
एक उणा. चाळीसला एक कमी.
अस्सं. म्हणजे तुम्ही उणीव बघून नाव ठेवता.
हसल्या. कवळी ग्लासात होती.

मग उजवीकडच्या तीनवर अंगठा.
उरलेलीला एक सोडून, ती स्वतः सोडून,
कुणीच भागत नाही.
पुढचा तीन झाकला. तरी नाही.
एक गेला.
नऊ गेला. आता अंगठा पुरत नाही, तळवा लागतो.
मागे राहते ती अखंडच.
आमच्या शाळेत हिला मूळ संख्या म्हणायचे, मी म्हटलं.
मूळची कुठली? त्यांनी विचारलं.

आणि वाढवली तर?
एक जोड, तीननं भाग जातो.
सात जोड, पुन्हा तीननंच.
तीन आणि नऊ जोडून बघण्यात
त्यांची नाताळची अख्खी सुट्टी गेली होती, हातानं, कागदावर.
तीही फुटली.
हिला पुढे वाट नाही. फक्त मागे.

मी इथे जानेवारीपासून.
सगळ्यात उजवीकडचा आकडा मीच,
म्हणून आधी मी गेले.
मग ही खोली. मग ग्रिझेल, धाकटी बहीण,
जिचं मरण आम्ही मार्चमध्ये त्यांना दुसऱ्यांदा सांगितलं
आणि तिसऱ्यांदा सांगायचं नाही असं ठरवलं.
शाळा आहे अजून.
तिसऱ्या बाकावरचा तो पोरगा आहे
जो शून्याला घाबरायचा.
डॉक्टर तक्त्यावर उतार लिहितात.
मी लिहिते: टोस्ट अर्धा, झोप चार तास.

काल हात सरकत सातापर्यंत आला.
थांबल्या.
बाहेर खाडीवर एका जहाजाचा दिवा, जागच्या जागी.
बराच वेळ बघत राहिल्या हाताकडे,
सुरकुत्या, सुईचा निळा डाग.
हात कुणाचा हा?
तुमचाच.
बरं, म्हणाल्या,
मग उचलायला हरकत नाही.