तीस गुण

परिषदेचं पत्र आलं तेव्हा मी
इस्पेरांसाच्या नातवाच्या कानातून
चवळीचा दाणा काढत होते.
बाबुसोनं ते सुयांच्या ट्रेखाली सरकवलं,
म्हणाला, बाय, तुमची परीक्षा आली.

पाच वर्षांत तीस गुण,
नाहीतर नोंदणी रद्द.
सदुसष्टाव्या वर्षी.
गुण पणजीच्या हॉटेलात मिळतात.
दारात औषध कंपनीचा पोरगा
सही घेतो, पिशवी देतो,
आत यकृतावरचं भाषण, आणि मागच्या रांगेत
आज जेवायला शाकुती आहे का याची कुजबुज.
जेवणानंतरची सही महत्त्वाची.
तिचे दोन.

त्याच आठवड्यात ते विधेयक.
आजाराला आकडा, आकड्याला दर,
दर नव्वद दिवसांनी,
रकाना चुकला नसेल तर.
रात्री चष्मा लावून यादी चाळली.
झुजेचा दमा सापडला.
एकवीस वर्षं खनिजाच्या ट्रकांमागून
स्कूटर चालवल्याचा सापडला नाही.
शांताराम मेस्ताची बायको दर गुरुवारी येते,
प्रेशर नेहमी ठीक,
विहिरीचं पाणी लाल झाल्याचं सांगते,
बारा मिनिटं बसते, जाते.
तिला आकडा नाही.
ती सोलं आणते, कधी सुकी सुंगटं,
बाबुसो वहीत लिहितो: मिळाले.

तर मीही गेले मोर्चाला.
दंडाला काळी फीत, कुडचड्याचा दवाखाना बंद.
दोनशे डॉक्टर मैदानात,
आणि घोषणा कुणालाच देता येईना.
जन्मभर आवाज खाली ठेवायची सवय.
माईक लोटलीकरांनी घेतला,
मडगावात त्यांच्या चाळीस खाटा,
म्हणाले, हा लढा रुग्णांसाठी आहे.
मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.
त्यांचा राग दरावर होता.
माझा कशावर, विचारलं असतं कुणी
तर तिथल्या तिथं सांगता आलं नसतं.

परतले तो दिवे लागलेले.
बाबुसो पायरीवर.
रिवणची एक बाई आली होती, पोराला ताप,
बसनं मडगावला पाठवली.
पोर बरं आहे, त्यानं फोन करून विचारलंय.
तरी दोघंही थोडा वेळ
कुलपाकडेच बघत उभे.

आता हे लिहायचं नव्हतं.
चौऱ्याण्णव साल. पुनो वेळीप, पोटाचा ताप हटत नव्हता.
मी इंजेक्शन दिलं, दिवसातून दोनदा, अकरा दिवस,
माझ्या शिक्षकांनी शिकवलेल्या डोसनं.
तो डोस धोक्याचा, निम्मा करा,
असं आधीच छापून आलं होतं
माझ्याच कपाटावर,
न उघडलेल्या पाकिटात.
ताप गेला.
उजवा कान पुरता गेला, डावा थोडा.
तो पाया पडला, नारळ ठेवून गेला.
कुणी परिषद आली नाही, कुणी गुण कापले नाहीत.
त्याला वाटतं, सुरुंगांनी गेला,
खाणीवर होता ना.
मी म्हटलं होतं, असेल.

म्हणून ते पत्र फाडवत नाही.
प्रश्न रास्त आहे त्यांचा, बाई, तुम्ही वाचता का?
पण तो ते जेवणानंतरच्या सहीला विचारतात.

काल पुनो आला. खोकला.
स्टेथोस्कोप पाठीवर ठेवून मी मागं उभी होते,
आणि बोलून टाकलं सगळं,
साल, औषध, कपाट, पाकीट,
एका दमात, हळू,
उजव्या बाजूनं.

त्यानं मोठा श्वास घेतला, सांगितल्यासारखा.
सोडला.
म्हणाला, होय बाय, रात्रीचा जरा कमी असतो.

बाबुसोनं पडदा सारून
पुढचं नाव पुकारलं.